महाकेकडा अंबरनाथला पडला कसा

सिनेमाच्या कंपनीत नोकरी म्हटली की आमच्या कोल्हापूरच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं, ही पोरगी दुबई-लंडन करत असणार. परदेशी बाजारपेठेची पाहणी करायला कंपनीनं मला पाठवलं होतं, हे अगदी खरं आहे. फक्त तो परदेश म्हणजे आपणच निघालो. आमची मूळ कंपनी सातासमुद्रापलीकडची, त्यामुळे तिच्या हिशोबात मुंबईपासून बदलापूरपर्यंत सगळं 'ओव्हरसीज'. मी बॅग भरली ती उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरसाठी. ज्यांनी ही गावं फक्त पाटीवर वाचली आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी भानगड काय होती ते सांगते. 'महाकेकडा' नावाची आमची एक मालिका आहे. समुद्राच्या तळातून एक अजस्र खेकडा वर येतो आणि शहरं फोडतो. पहिला भाग चालला, दुसरा धावला, म्हणून तिसरा हिंदीत डब करून एका शुक्रवारी सगळीकडे एकदम लावला. धंद्यात एक साधी गोष्ट बघतात. शुक्रवारपेक्षा शनिवारी गर्दी वाढली आणि रविवारी आणखी वाढली, तर सिनेमा लोकांना आवडला. सगळीकडे तसंच झालं. या तीन गावांत मात्र शुक्रवारी मुंगीला शिरायला जागा नाही आणि शनिवारपासून ठणठणाट. त्यातही अंबरनाथचं टॉकीज सगळ्यात वाईट.

तिकडून, म्हणजे मूळ कंपनीतून, मेल आली. म्हणे एकतर या गावांनी सिनेमा एका दिवसात नाकारलाय, नाहीतर टॉकीजवाल्यानं पहिल्या दिवशी स्वतःच तिकिटं फाडून आकडा फुगवलाय. कोणीतरी जाऊन बघा, आणि गुरुवारी दुपारपर्यंत कळवा की प्रिंट उचलायची का. मुंबईतल्या आमच्या साहेबांनी मला बोलावलं.

"त्या बाजूला तुमचं कोणी राहतं का?"

"आत्या राहते. अंबरनाथ पश्चिमेला."

"वा! म्हणजे राहण्याचा प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले आणि लॉजचा खर्च वाचल्याच्या आनंदात त्यांनी मला चहा पाजला. असली चिकट माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

उल्हासनगर, मंगळवार

गाडीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही, ते सगळ्यांनी करून ठेवलंय. उल्हासनगरला उतरलं की पहिल्यांदा दिसतात त्या जीन्स. दुकानात जीन्स, फुटपाथवर जीन्स, हातगाडीवर गठ्ठे बांधलेल्या जीन्स. आमच्याकडे ऊस जसा रस्ताभर सांडलेला असतो तशा तिथे पँटी.

टॉकीजचे मॅनेजर एक वयस्कर सिंधी गृहस्थ होते. पांढरा झब्बा, कानात अत्तराचा बोळा. मला बसवलं आणि आतून पाण्याचा ग्लास आला, त्याबरोबर एक भाजलेला पापड. कोल्हापुरात पापड आला की मागून ताट येतं. मी पापड संपवला आणि ताटाची वाट बघत बसले. ते मी उठायची वाट बघत बसले. बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. शेवटी त्यांच्या लक्षात आलं.

"बेटी, पापड तो पानी के साथ होता है. आमच्यात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाय," ते म्हणाले, आणि पोटभर हसून त्यांनी समोरच्या दुकानातून दाल-पकवान मागवलं. कुरकुरीत पुरी, वर हरभऱ्याची डाळ आणि चिंचेची चटणी. लाज वाटत होती तरी मी सगळं खाल्लं.

सिनेमा का पडला विचारल्यावर त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. समोर फुटपाथवर चादर पसरून एकजण सीडी विकत होता आणि सगळ्यात वर आमचा खेकडा.

"साईं, शुक्रवार को पिक्चर, शनिवार को सीडी. आता बोल, कोण येणार?"

मी लिहून घेतलं. कारण पटण्यासारखं होतं. पण सीडी तर कल्याणलाही मिळत होती, ठाण्यालाही मिळत होती, आणि तिथे रविवार हाऊसफुल्ल गेला होता. डोक्यात तो भुंगा घेऊनच मी संध्याकाळी आत्याच्या दारात उभी राहिले.

"जय भीम, आत्या!"

"जय भीम, ये गं बाय. किती वाळलीस!" आत्या म्हणाली. मी वाळलेली नाही, उलटंच आहे, पण आत्यांना असंच दिसतं.

अंबरनाथ, बुधवार

सकाळी आधी बदलापूर उरकून आले. तिथल्या मॅनेजरनं वीज मंडळाला शिव्या घातल्या. भारनियमनात पंखे बंद पडतात, जनरेटरवर पडदा चालतो पण पंखे चालत नाहीत, मग उकाड्यात कोण बसणार? तो बोलत असतानाच लाईट गेली आणि आम्ही दोघं घाम पुसत अंधारात बसलो. हेही कारण लिहून घेतलं. सीडीवाला झाला, वीजवाले झाले, आता अंबरनाथचा चोर तेवढा पकडायचा राहिला होता.

अंबरनाथचं टॉकीज जुनं आहे. नाव लिहीत नाही, मालकांनी तशी शपथ घातलीय. दुपारच्या खेळाला मी तिकीट काढून बसले. इतक्या मोठ्या हॉलमध्ये माणसं कशीबशी दोन रांगांची. माझ्या पुढे गावाकडच्या दोन बायका बसल्या होत्या, केसांत अबोलीचे गजरे. पडद्यावर खेकडा बंदरातून वर आला, त्यानं नांगी उचलून एक जहाज मोडलं. मी चार वेळा पाहिलाय तरी मला धडकी भरते. पुढची बाई शेजारणीला म्हणाली, "गो, कवरी मोठी चिंबोरी! याची एक नांगी आख्ख्या गावाला पुरंल." दुसरी म्हणाली, "पन मसाला कवरा लागंल!" आणि दोघी मसाल्याचा अंदाज बांधत बसल्या. तिकडे शहर उद्ध्वस्त होत होतं.

मग मी ऑफिसात गेले. हे टॉकीज बाळारामशेठ चालवतात. मूळ मालक दुसरे, त्यांच्याकडून यांनी भाड्यानं घेतलंय. आगरी माणूस, काळासावळा, भारदस्त, गळ्यात जाड साखळी, आवाज मात्र मऊ. मी कंपनीची आहे म्हटल्यावर उठून उभे राहिले.

"बसा, बसा. चाय घ्या. मंग शुक्रवारपरत ठेवताय ना पिक्चर?"

टॉकीजवाला भेटला की पहिलं वाक्य हेच असतं, आणखी एक आठवडा ठेवा. मी कान बंद केले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"शेठ, शुक्रवारी उभं राहायला जागा नाही आणि शनिवारी कावळा फिरकत नाही, हे कसं? ती तिकिटं कोणी फाडली?"

त्यांचा चेहरा पडला. चहाचा कप तसाच हातात राहिला.

"म्हंजी मी फाडली म्हनता?"

"मी नाही म्हणत. तिकडचे म्हणतात."

"बाई, शुक्रवारपरत थांबा आन् सोताच्या डोल्यांनी बगा. याच्यावर मी काय सांगू?"

पुन्हा तेच. मला राग आला, त्यांनाही आला. आमचं दोघांचं चांगलंच वाजलं. आवाज ऐकून डोअरकीपर डोकावून गेला. मग अचानक शेठनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "भांडून झालं असंल तं आता जेवायला चला. घरी तुमच्याच खेकड्याचं कालवन हाय."

चोर समजून आलेल्या बाईला हा माणूस जेवायला बोलावतोय! नाही म्हणायला जीभ रेटेना.

त्यांचं गाव बदलापूरच्या वाटेवर, रस्ता सोडून आत. दिवाळी होऊन गेलेली, भात कापून झालेलं, खाचरांतून उडवे रचलेले. मागे चंदेरी गडाचा सुळका निळसर दिसत होता. अर्ध्या गावात कौलारू घरं आणि अर्ध्या गावात कारखान्याला जमीन विकून बांधलेले, गुलाबी-पोपटी रंगाचे बंगले. शेठचं घर कौलारूच होतं.

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, सुकटीची चटणी आणि चिंबोरीचं लालभडक कालवण वाढलं. आम्ही तांबडा-पांढरा रस्सा खाणारी माणसं. खेकडा फोडायचा कसा हेच मला ठाऊक नव्हतं. एक नांगी दातात धरून जोर लावला, तर ती फुटून रस्सा सगळा कुडत्यावर. वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

"अगो, खेकड्याच्या कंपनीत काम करतं आन् खेकडा फोरता येत नाय!" त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो.

शेठ हात धुवायला गेले तशा त्या एकदम गंभीर झाल्या. जमीन विकली तेव्हा दिरांनी बंगले बांधले, यांनी टॉकीज धरलं. भाऊबंद हसतात. मूळ मालकाला त्या जागी लग्नाचा हॉल करायचाय. तो शब्द देऊन बसलाय की, नव्या पिक्चरची कंपनी तुला पहिल्या दिवशी पिक्चर देत असेल तर भाड्याचा करार वाढवतो, नाहीतर खाली कर.

"चौथा भाग यांना भेटला तं टॉकीज र्‍हाईल," वहिनी म्हणाल्या. "नाय भेटला तं हा मानूस घरात बसून मरंल गो. याला दुसरं कायपन येत नाय, आन् दुसरं काय आवरतपन नाय."

चौथा भाग कुठे द्यायचा ते याच आकड्यांवर ठरणार होतं, आणि ते आकडे खोटे आहेत असं लिहायला तर मी आले होते.

त्याच संध्याकाळी, आत्याकडे

आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणतो, आनंदनगरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात आहेत. ते कामावरून आले होते. आम्ही जेवायला बसलो. डाळ, भात, मेथी.

"उद्या निघू नकोस हां," आत्या म्हणाली. "शुक्रवारी मटण आणणार आहेत. खाऊनच जा."

"मटण शुक्रवारी? रविवारी करतात ना?"

"तुझ्याकडे करत असतील. आमचा रविवार शुक्रवारीच असतो. यांना सुट्टी तेव्हाच."

"मामांनाच, की सगळ्यांना?"

"सगळ्या एमआयडीसीला," मामा म्हणाले. "विजेचा भार एकाच दिवशी नको म्हणून प्रत्येक भागाला वेगवेगळा वार दिलाय. आमच्याकडे, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, शुक्रवार. मी लागलो तेव्हापासून असंच आहे. तुझ्या वडिलांना किती वेळा सांगितलं, पण मास्तरांच्या डोक्यात घुसत नाही."

हे खरं होतं. आमच्याकडे बारसं असो, साखरपुडा असो, सगळं रविवारी. मामा कधी यायचे नाहीत. माझे वडील, आमचे दादा, शाळामास्तर. त्यांना वाटायचं, मुंबईकडे राहून पाव्हणा शेफारलाय. इतकी वर्षं घरात हा माणूस घमेंडखोर ठरला होता आणि तो बिचारा त्या वेळी रंगाचे पिंप ढवळत असायचा. मला फार वाईट वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मामा नुसते हसले आणि त्यांनी भात मागितला.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मामा, गेल्या शुक्रवारी तुम्ही काय केलंत?"

मामांनी आत्याकडे बघितलं. मग ताटाकडे बघितलं.

"अं... ते... पिक्चरला गेलो होतो. आख्खं डिपार्टमेंट गेलं होतं. तो खेकड्याचा."

"काय?" आत्या ओरडली. "मला सांगितलंत मीटिंग आहे म्हणून!"

पुढे त्यांचं जे झालं ते घरातलं आहे. मी मात्र आनंदानं मामांच्या पाठीत थाप मारली आणि आत्यानं मलाही बोलून घेतलं.

आनंदनगर, गुरुवार

सकाळी रिक्षा करून आनंदनगरला गेले. हवेत औषधासारखा वास, रस्त्यात खड्डे. एकेका कारखान्याच्या फाटकावर पाटी वाचत फिरले. साप्ताहिक सुट्टी, शुक्रवार. पुढचं फाटक, शुक्रवार. त्याच्या पुढचं, शुक्रवार. सिक्युरिटीवाल्याला वाटलं मी कामगार खात्याकडून आलेय, त्यानं घाईघाईनं टोपी घातली.

तिथूनच साहेबांना फोन लावला.

"शुक्रवारी सुट्टी?" साहेब म्हणाले. "हे काय आखात आहे?"

"तेच म्हणतेय मी! आखातात शुक्रवारी सुट्टी असते म्हणून तिकडचे लोक त्या देशांचा हिशोब वेगळा धरतात ना? मग अंबरनाथचा का नाही?"

"अहो, आखात म्हणजे देश आहेत. अंबरनाथ एक स्टेशन आहे."

"साहेब, इथे शुक्रवार हाच रविवार आहे आणि शनिवार म्हणजे सोमवार. सोमवारी कोण सिनेमाला जातं? आणि ज्यांना रविवारी सुट्टी असते ते कल्याणच्या मल्टिप्लेक्सला जातात. उद्याचा दिवस प्रिंट राहू द्या, एवढंच मागतेय."

साहेबांनी कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर. उद्या हॉल रिकामा निघाला तर सोमवारी माझ्यासमोर कारणं घेऊन येऊ नका."

मी ठेवा म्हटलं.

टॉकीजवर जाऊन बाळारामशेठना सांगितलं.

"तुमाला ठाव नव्हतं?"

"नाही."

"अवो, शुक्रवारी एमायडीशी बंद असते हे कोनाला ठाव नसतंय? मला वाटलं तुमाला ठाव असूनशान तुमी मला चोर म्हनता!"

म्हणजे हा माणूस काल 'शुक्रवारपरत थांबा' म्हणून ज्या गोष्टीकडे बोट दाखवत होता, ती गोष्ट सांगायची असते हेच त्याच्या गावी नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला, आणि या वेळी दोघांनीही तो प्यायला.

अंबरनाथ, शुक्रवार

सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग, मासेवालीसमोर गराडा, न्हाव्याकडे गर्दी. माझ्या ओळखीचा अख्खा रविवार तिथे शुक्रवारच्या अंगावर चढला होता. आत्याच्या शेजारणीचा उपास होता आणि मटणाच्या वासानं तिची चिडचिड चालली होती. आत्या म्हणाली, हे दर आठवड्याचं आहे.

आत्यानं निक्षून सांगितलं होतं की या वेळी मीही येणार. जेवून आम्ही तिघं टॉकीजवर गेलो. लांबूनच मला गर्दी दिसली आणि माझे पाय जमिनीला लागेनात. इस्त्रीचे शर्ट घातलेले कामगार, साड्या नेसलेल्या बायका, डिपार्टमेंटच्या डिपार्टमेंटं टोळ्यांनी आलेली. मामांना जो तो हाक मारत होता. काहीजण गेल्या शुक्रवारी मित्रांबरोबर पाहून गेले होते आणि आता घरच्यांना घेऊन आले होते. बाळारामशेठ दारात उभे, नवा शर्ट, कपाळावर घाम.

खेकडा बंदरातून वर आला तेव्हा मी साहेबांना फोन लावला आणि तो हॉलच्या दारात धरला. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. कोणीतरी ओरडलं, "अरं, आधी त्याची नांगी मोर!"

"ऐकू येतंय का, साहेब?"

"येतंय," साहेब म्हणाले. आवाज नरम झाला होता. "रिपोर्ट लिहा. मी पाठवतो."

परत आल्यावर

मी मन लावून रिपोर्ट लिहिला. साहेबांनी सही करून पाठवला, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तिकडून उत्तर आलं ते दोन ओळींचं. पहिल्या शनिवार-रविवारनंतरचे आकडे पुढच्या भागाच्या वाटणीसाठी धरले जात नाहीत. शिवाय भारतात शुक्रवार हा कामाचा दिवस असल्यानं रिपोर्टमधली चूक दुरुस्त करावी.

मी ऑफिसात इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक उठून आले. साहेब खाली मान घालून बसले होते. चौथा भाग फक्त कल्याणच्या मल्टिप्लेक्सला गेला. अंबरनाथला नाही.

बाळारामशेठना फोन करायचं काम माझ्यावर आलं. दोन दिवस टाळलं, मग केला. सगळं सांगितलं.

"चौथा नाय तं नाय," ते म्हणाले. "तिसऱ्याचं तुमी आता काय करनार?"

"काही नाही. प्रिंट गोदामात पडेल."

"मंग माज्याकडंच पडू द्या की. दर शुक्रवारी लावीन."

साहेबांना विचारलं. त्यांनी एका शब्दात हो म्हटलं आणि वर, "तिकडे कळवायची गरज नाही," असंही म्हटलं. त्यांना मी चिकट म्हटलं होतं, ते मागे घेते.

चौथा भाग आला, कल्याणला दोन आठवडे टिकला आणि उतरला. तिकडच्या हिशोबात अंबरनाथसमोर तिसरा भाग 'नाकारला' असंच लिहिलेलं आहे, आणि पुढे रेघ. मूळ मालक एका शुक्रवारी स्वतः गर्दी बघून गेला आणि त्यानं करार वाढवून दिला. लग्नाचा हॉल तूर्त राहिला.

परवा शुक्रवारी सुट्टी काढून मी पुन्हा गेले. म्हटलं, या वेळी कंपनीच्या कामासाठी नाही, आपल्या पैशानं, निवांत बघू. खिडकीवर पोचले तर तिकिटं संपलेली. ओळख सांगून बघितली, थोडं भांडून बघितलं, उपयोग झाला नाही. शेवटी पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं आणि आत्याकडे मटण खायला गेले.